उघडे दार आणि मधल्या पायऱ्या

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन होजे हे शहर आहे. आज पुण्या-मुंबईतील कितीतरी घरांतले कुणी ना कुणी त्या भागात संगणकाच्या कंपनीत नोकरीला असते, त्यामुळे हे नाव आपल्याला परके राहिलेले नाही. १९५३ साली मात्र तेथे जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या आणि ती फळे डबाबंद करणारे कारखाने होते. त्या वर्षी शहराच्या शाळा-मंडळाने तेथील ज्युनियर कॉलेज शेजारच्या राज्य महाविद्यालयापासून वेगळे काढले आणि स्वतंत्रपणे चालवायला घेतले. प्रवेशाला गुणांची अट नव्हती. माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या कुणालाही दार उघडे होते.

बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने या कॉलेजाच्या सुरुवातीच्या वर्षांचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये ‘द ओपन डोअर कॉलेज’ हे पुस्तक लिहिले. पुस्तकाची भाषा कोरडी आहे आणि त्यात प्रशासनाचा तपशील बराच आहे. तरीही कम्युनिटी कॉलेज या कल्पनेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला वाटते, कारण दार उघडल्यानंतर आत काय घडते हा प्रश्न त्यात सरळ विचारला आहे. आपल्याकडे ही कल्पना येऊन बरीच वर्षे झाली. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केले. २०१२-१३ च्या सुमारास केंद्र सरकारने देशभर अशी दोनशे कॉलेजे काढण्याची योजना आखली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय केली. या सगळ्याची चर्चा आपण केली ती मुख्यतः दाराबद्दल. किती जागा, कोणते अभ्यासक्रम, कोणत्या उद्योगाशी करार. आतल्या पायऱ्यांकडे लक्ष फारसे गेले नाही.

आधी नावाचा घोटाळा दूर करू. महाराष्ट्रात ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत बारावी शाळेतच होते आणि ज्युनियर कॉलेज म्हणजे त्यानंतरची पहिली दोन वर्षे. ही दोन वर्षे संपवून विद्यार्थी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो किंवा एखादे व्यवसायाचे प्रमाणपत्र घेऊन कामाला लागू शकतो. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते १९४७ च्या ट्रुमन आयोगाच्या अहवालानंतर. गावातल्या लोकांनी गावातच राहून, नोकरी-संसार सांभाळून, कमी फीमध्ये शिकावे अशी त्यामागची दृष्टी होती.

पण संस्थेचा जन्म त्याआधीचा आहे आणि त्यामागचा हेतू मिश्र आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ मध्ये, तेथील शाळेचे प्रमुख स्टॅन्ली ब्राउन यांनी शालान्त वर्गानंतरचे शिक्षण शाळेतच देण्यास सुरुवात केली. विद्यार्थी होते सहा. त्यांना प्रोत्साहन होते शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे. हार्पर यांना ज्ञान गावोगावी न्यायचे होते हे खरे. त्याचबरोबर पहिल्या दोन वर्षांचे ओझे विद्यापीठाच्या अंगावरून उतरवून तेथे केवळ वरचे शिक्षण आणि संशोधन ठेवायचे होते, हेही तितकेच खरे. गावाला कॉलेज मिळाले आणि विद्यापीठाची गर्दी कमी झाली. पुढे १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने आपली बृहत्‌योजना केली तेव्हा हीच गोष्ट अपूर्णांकांत लिहिली गेली. शालान्त परीक्षेतील वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांसाठी राज्य महाविद्यालये आणि उरलेल्या सर्वांसाठी ज्युनियर कॉलेजे. खालून वर जाण्याची वाट योजनेत होती. मात्र ती कुणाला सापडेल, हे आतल्या व्यवस्थेवर सोडले होते.

आता क्लार्क यांच्याकडे वळू. त्यांना दिसले ते असे. कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थी म्हणत, की आम्हाला पुढे विद्यापीठात जायचे आहे. प्रत्यक्षात जात सुमारे एक-तृतीयांश. मधल्या एक-तृतीयांशाचे काय होते? त्यांना कुणी काढून टाकत नव्हते. ते हळूहळू स्वतःच मार्ग बदलत. हे कसे घडते याच्या पायऱ्या क्लार्क यांनी नोंदवल्या आहेत. प्रवेशाआधी एक चाचणी. तीत गुण कमी पडले तर पूर्वतयारीचा वर्ग. मग समुपदेशकाची भेट. त्यात विद्यार्थ्याच्या इच्छेशेजारी त्याचे गुण ठेवले जातात. त्यानंतर ‘कॉलेजची ओळख’ नावाचा एक सक्तीचा विषय. त्यात आपली कुवत आणि निरनिराळे व्यवसाय यांचा मेळ घालायला शिकवतात. मध्येच शिक्षकांकडून ‘सुधारणा हवी’ अशी चिठ्ठी आणि पुन्हा समुपदेशकाची भेट. शेवटी ताकीद. एवढे होईतो इंजिनियर व्हायला आलेला मुलगा इंजिनियरचा मदतनीस व्हायचे कबूल करतो आणि हा निर्णय आपलाच आहे असे त्याला वाटते.

या प्रक्रियेसाठी क्लार्क यांनी जो शब्द वापरला तो अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९५२ च्या एका लेखातला होता, आणि तो मुळात भामट्यांच्या धंद्यातला आहे. सावजाला लुबाडून झाल्यावर टोळीतला एक जण मागे थांबतो, त्याच्याशी गोड बोलतो, नुकसान पचवायला मदत करतो. हेतू एवढाच, की त्याने बोंब ठोकू नये. याला ते ‘गार करणे’ म्हणत. क्लार्क यांनी हा शब्द शिवी म्हणून वापरला नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की समाज सर्वांना सांगतो की वर चढा, आणि वर जागा मोजक्या ठेवतो. या दोन गोष्टींतला ताण कुणीतरी सोसावा लागतो, तो हे कॉलेज सोसते. वीस वर्षांनी, १९८० मध्ये, त्यांनी याच विषयावर पुन्हा लिहिले आणि विचारले, की याला पर्याय तरी काय? दारातच अडवायचे? की आत घेऊन सरळ नापास करायचे? त्यापेक्षा समजूत घालणे बरे.

हा युक्तिवाद सहज झटकता येण्यासारखा नाही. दहावीचा निकाल लागल्यावर शाळेच्या कचेरीबाहेर पालक उभे असतात तेव्हा आपणही असेच काही बोलतो. “सायन्सला घालू नका, झेपणार नाही. आयटीआयला बघा, हाताला लगेच काम मिळेल.” यात वाईट हेतू नसतो, आणि कित्येकदा सल्ला योग्यही असतो. वायरमन किंवा फिटर होणे यात कमीपणा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रश्न एवढाच आहे, की झेपणार नाही हे आपण कशावरून ठरवले?

क्लार्क यांच्या मांडणीतली उणीव मला इथेच दिसते. त्यांनी चाचणीनंतर काय होते ते बारकाईने पाहिले. चाचणी स्वतः किती खरी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला नाही. तापमापकाने ताप दाखवला तर रोग्याला ताप आहे, इतक्या सहज ते चाचणीचे गुण स्वीकारतात. चाचणी चुकत असेल तर मात्र सारा हिशेब बदलतो. मग गार केलेल्यांत कुवत असलेलेही निघतील, आणि त्यांची समजूत घालणे ही सहानुभूती राहत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत हा प्रश्न सगळ्यात तीव्र झाला तो गणिताच्या बाबतीत. विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्यांनी या कॉलेजांकडे पाहावे ते मुख्यतः यासाठी.

पद्धत अशी होती. प्रवेश घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याला संगणकासमोर बसवून गणिताची चाचणी देत. ‘कॉम्पास’ नावाची चाचणी अनेक राज्यांत वापरली जाई. देणाऱ्यांत अठरा वर्षांची मुले असत, तशीच शाळा सोडून दहा वर्षे झालेली, नर्सिंग शिकायला आलेली आईही असे. या चाचणीवर आपली पुढची दोन वर्षे अवलंबून आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसे; तयारी न करताच ते बसत. प्रश्न अपूर्णांकांचे, अवयवांचे, बैजिक राशींना सरळ रूप देण्याचे. आता, अवयव पाडायची रीत विसरणे आणि गणित न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठलाही शिक्षक जाणतो. विसरलेली रीत दोन-तीन तासांच्या उजळणीत परत येते. न समजलेली संकल्पना तशी येत नाही. अशा चाचणीला हा फरक कळणे कठीण. गुण कमी पडले की विद्यार्थी खालच्या वर्गात. कुठे एक पायरी खाली, कुठे दोन, तर कुठे तीन: आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग मध्यम बीजगणित, आणि त्यानंतर श्रेयांक मिळणारे कॉलेजचे गणित. खालच्या वर्गांची फी भरायची, वेळ द्यायचा, पण पदवीच्या हिशेबात ते धरले जात नाहीत.

या साखळीचे गणित वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. समजा, शंभर विद्यार्थी तीन पायऱ्या खाली बसवले. प्रत्येक वर्गाचा निकाल सत्तर टक्के धरू. हा वाईट निकाल नव्हे. उत्तीर्ण झालेल्यांपैकी पंचाऐंशी टक्के पुढच्या सत्रात नाव नोंदवतात असे धरू. आता मोजा. पहिला वर्ग उत्तीर्ण ७०. दुसऱ्या वर्गात नाव नोंदवणारे सुमारे ६०, उत्तीर्ण ४२. तिसऱ्यात नोंदवणारे ३५, उत्तीर्ण २५. कॉलेजच्या गणितापर्यंत पोचणारे २१ आणि ते उत्तीर्ण होणारे १५. एकाही शिक्षकाने वाईट शिकवले नाही, एकाही वर्गाचा निकाल लाजिरवाणा नाही, आणि शंभरांतले पंच्याऐंशी गळाले. बरे, सगळीकडे नव्वद टक्के धरून पाहा. चार परीक्षा आणि मधल्या तीन नावनोंदण्या मिळून ०.९ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ०.४८. तरीही निम्म्याहून कमीच शिल्लक राहतात. वरचे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. पण कॅलिफोर्नियातील काही गणित व भाषा शिक्षकांनी आपल्या कॉलेजांतील नोंदी घेऊन हेच गुणाकाराचे तत्त्व दाखवले आणि तेथील सुधारणेच्या मागणीला जोर आला तो त्यातून. प्रत्येक वर्ग अधिक चांगला शिकवा, हे उत्तर इथे पुरत नाही. पायऱ्याच कमी कराव्या लागतात.

दुसरा प्रश्न चाचणीच्या अचूकपणाचा. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारे एक केंद्र आहे. तेथील ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये दाखवले, की गणिताच्या चाचणीने साधारण चारांपैकी एका विद्यार्थ्याला अगदीच चुकीच्या जागी बसवले होते. इंग्रजीत हे प्रमाण तिघांत एक इतके होते. चुका दोन्ही बाजूंच्या होत्या. मात्र वरच्या वर्गात चांगले यश मिळवू शकणारे खाली अडकणे, ही चूक अधिक होती. आणि गंमत अशी, की शाळेतले चार वर्षांचे सरासरी गुण, म्हणजे शिक्षकांनी दिलेले साधे गुण, या महागड्या चाचणीपेक्षा पुढच्या यशाचा अंदाज जास्त चांगला देत होते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. शाळेच्या गुणांत गृहपाठ वेळेवर देणे, वर्गाला हजर राहणे, नापास झाल्यावर पुन्हा बसणे असे सगळे उतरलेले असते. एका दुपारच्या चाचणीत ते उतरत नाही. ‘कॉम्पास’ चाचणी तिच्या निर्मात्यांनीच २०१६ पर्यंत बंद केली.

न्यूयॉर्कच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ मध्ये झालेला प्रयोग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. प्राथमिक बीजगणिताचा वर्ग आवश्यक ठरलेले सुमारे नऊशे विद्यार्थी घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक रीतीने त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नेहमीचा बीजगणिताचा वर्ग. दुसऱ्याला तोच वर्ग, जोडीला दर आठवड्याला साहाय्य-वर्ग. तिसऱ्या गटाला सरळ कॉलेजच्या पातळीचे संख्याशास्त्र आणि जोडीला साहाय्य-वर्ग. तर्काने पाहिले तर तिसरा गट आपटायला हवा होता, कारण विषय वरच्या इयत्तेचा. उत्तीर्णांचे प्रमाण आले अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा पदवी-पदविका पूर्ण करणाऱ्यांतही संख्याशास्त्राचा गट पहिल्या गटाच्या पुढे होता.

यातून संख्याशास्त्र सोपे असते असा निष्कर्ष काढणे चूक होईल. बीजगणित टाकून द्यावे असाही नाही. ज्याला इंजिनियरिंगकडे जायचे आहे त्याला कलनशास्त्र हवे आणि कलनशास्त्राला बीजगणित हवेच. पण रक्तदाबाच्या नोंदी वाचायच्या आहेत, औषधाची मात्रा काढायची आहे, सर्वेक्षणाचा तक्ता समजून घ्यायचा आहे, त्याच्या वाटेत बैजिक राशींचा डोंगर का उभा होता? खरे उत्तर असे, की तो नेहमीच तिथे होता. गणिताला चाळणीचे काम दिले गेले होते, आणि चाळणीला आपण काय चाळतो याचे कारण द्यावे लागत नाही. आपल्याकडे सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन पातळ्या केल्या. त्यातही प्रश्न हाच आहे: खालची पातळी घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला, कोणते दार त्यामुळे बंद होऊ शकते हे कुणी नीट सांगितले होते का?

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून कॉलेजांवर बंधन घातले, की विद्यार्थ्याला खालच्या वर्गात बसवायचे असेल तर त्याशिवाय तो यशस्वी होण्याची शक्यता अगदी कमी आहे हे दाखवावे लागेल, आणि ठरवताना शाळेचे गुण पाहावे लागतील. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरून कॉलेजवर आली. परिणाम झपाट्याने दिसला. २०१५ मध्ये पहिल्यांदा गणित घेणाऱ्या पाचांपैकी जेमतेम एकाला विद्यापीठात चालणारा गणिताचा वर्ग थेट मिळे. २०१९ मध्ये चारांपैकी तिघांहून अधिकांना तो मिळाला. वर्गाचा निकाल मात्र घसरला, निम्म्याच्या आसपास आला, आणि अनेक प्राध्यापकांनी दर्जा बुडाल्याची तक्रार केली. इथेही आकडेमोड करून पाहावी. आधी शंभरांतले वीस थेट बसत. त्यांचा निकाल सत्तर टक्के धरला तरी उत्तीर्ण चौदा. आता अठ्ठ्याहत्तर बसतात आणि निम्मे उत्तीर्ण होतात, म्हणजे एकोणचाळीस. निकालाची टक्केवारी घसरली आणि शिकून पुढे गेलेली माणसे दुपटीहून जास्त झाली. शाळेचा निकाल उत्तम लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडकवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या हिशेबाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तरीही प्राध्यापकांची तक्रार सगळीच खोटी नाही. नापास झालेला उरलेला निम्मा वर्ग आहेच. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश मिळू लागला, पण निकालातली दरी मिटली नाही. पायऱ्या काढून टाकणे स्वस्त असते. त्यांच्या जागी आधार देणे महाग असते, आणि सरकारे स्वस्त निम्मे काम करून थांबतात. महाग काम केले तर काय होते याचेही उदाहरण न्यूयॉर्कचेच आहे. तेथील शहर विद्यापीठाने २००७ पासून ‘एसॅप’ नावाची योजना चालवली. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचे. त्या बदल्यात फीमधली तूट, पाठ्यपुस्तके आणि भुयारी रेल्वेचा पास कॉलेज देणार. शिवाय एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी. एरवी या कॉलेजांत एका सल्लागाराकडे सहाशे ते पंधराशे विद्यार्थी असत. इथेही यादृच्छिक गट पाडून तुलना झाली. तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे योजनेबाहेर २२ टक्के, योजनेत ४० टक्के. ओहायो राज्यातील तीन कॉलेजांत हाच प्रयोग केला तेव्हाही प्रमाण १९ वरून ३५ वर गेले. दर विद्यार्थ्यामागे खर्च पुष्कळ वाढला, पण न्यूयॉर्कमध्ये दर पदविकाधारकामागे तो कमी निघाला. क्लार्क यांच्या कॉलेजातला समुपदेशक आणि हा सल्लागार, दोघांचे काम विद्यार्थ्याशी बोलण्याचेच. एकाला साठ विद्यार्थी दिले आणि बसचा पास हातात ठेवायला दिला, एवढ्याने ते काम उलटे झाले.

शिक्षकांबद्दल बोलायलाच हवे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश अंशकालीन असतात. सकाळी एका कॉलेजात तास, दुपारी तीस मैलांवरच्या दुसऱ्यात, संध्याकाळी तिसऱ्यात. बसायला खोली नाही, सुट्टीत पगार नाही, पुढच्या सत्राची खात्री नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हे वर्णन नवे वाटणार नाही. ज्या संस्थेच्या माहितीपत्रकात ‘प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष’ असे छापलेले असते, तिने ते लक्ष कुणी द्यायचे याची सोय केलेली नसते. या संस्थांवरच्या स्तुतिपर लेखनात हा मुद्दा बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो. मीही तो पुष्कळ उशिरा आणला आहे.

इतके दोष सांगितल्यावर या कॉलेजांचे श्रेय कमी लेखायचे नाही. आज अमेरिकेत अशी सुमारे हजार कॉलेजे आहेत; एकट्या कॅलिफोर्नियात ११६. त्या राज्यात एका श्रेयांकाची फी ४६ डॉलर आहे, म्हणजे तिकडच्या मानाने फारच थोडी. गावच्या रुग्णालयातल्या परिचारिका, अग्निशामक दलाचे जवान, मोटार दुरुस्त करणारे, दंततंत्रज्ञ यांतले पुष्कळ जण याच कॉलेजांतून आलेले असतात. परदेशातून आलेली माणसे इंग्रजी शिकतात ती येथेच, संध्याकाळच्या वर्गात. सॅन होजेच्या बागा जाऊन कारखाने आले, मग इलेक्ट्रॉनिक्स आले, तेव्हा माणसांना नवे काम शिकवणाऱ्या संस्थांत हे कॉलेज होते. हे काम विद्यापीठाने केले नसते. मात्र संपूर्ण देशाचा हिशेब घेतला, तर कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी पाचांतले चार म्हणतात की आम्हाला पदवी घ्यायची आहे. विद्यापीठापर्यंत पोचतो तिघांतला एक. आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती सहांतल्या एकाच्या. क्लार्क यांनी दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश असे लिहिले त्याला साठ वर्षे उलटून गेली आहेत. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने कायद्याने ठरवले, की ठरावीक विषयांची दोन वर्षांची पदविका पूर्ण करणाऱ्याला राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाची जागा मिळालीच पाहिजे. अशी हमी १९०१ पासून असायला हवी होती.

आपल्याकडे अशी हमी अगदीच नाही असे नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला विद्यार्थी महाराष्ट्रात इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. एखाद्या लेथवर काम शिकलेल्या मुलाला पदवीपर्यंत नेणारा हा जिना कागदावर पूर्ण आहे, आणि त्यावरून चढलेली माणसे आपल्या ओळखीत असतात. कुठे अडतो तो, हेही सर्वांना माहीत आहे: ‘एम-थ्री’ नावाच्या गणिताच्या विषयात. बारावीचे कलनशास्त्र ज्या रीतीने झालेले नाही, ते झाले आहे असे धरून तो पेपर रचलेला असतो. यावर उपाय काय, तर ‘पदविकेच्या मुलांचे गणित कच्चेच असते’ ही समजूत. न्यूयॉर्कचा प्रयोग सांगतो की वरच्या विषयातच बसवा आणि आठवड्याला दोन तास जोड द्या. त्याला नवी इमारत लागत नाही. दोन तास शिकवणारा माणूस आणि त्याचा पगार लागतो.

२०२० च्या धोरणानुसार एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनंतर पदविका, आणि त्याचे श्रेयांक श्रेयांक-पेढीत सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. घरची अडचण आलेल्या मुलीला आजवर ‘अर्धवट सोडले’ हा शिक्का मिळे. त्यापेक्षा हे निश्चित चांगले. पण बाहेर पडण्याची सोय आणि बाहेर काढण्याची सोय दिसायला सारखीच असते. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर प्राचार्यांच्या कचेरीत बसलेल्या मुलीला “प्रमाणपत्र घेऊन टाक, वाया काही जात नाही” असे सांगितले जाईल तेव्हा ते वाक्य क्लार्क यांच्या समुपदेशकाचेच असेल. दोन्हींत फरक ओळखायचा तर कॉलेजांनी दरवर्षी दोन आकडे शेजारीशेजारी छापावेत: किती जण प्रमाणपत्र घेऊन गेले, आणि त्यांतले किती जण सात वर्षे संपायच्या आत परत आले.